माझ्यामागून म्हणा

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या त्या लांबट इमारतीत पूर्वी दरबारच्या बग्ग्या उभ्या राहत. शिक्षण खात्यानं तिथे शाळांसाठीचा रेडिओ सुरू केला, तेव्हा घोड्यांचा वास जावा म्हणून फरशी धुऊन धुऊन झिजवली होती. वास काही गेला नाही. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना लाल छिटाच्या रजया टांगल्या होत्या. त्या पावसाळ्यात दमट व्हायच्या आणि मग खोलीला कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणाचा वास यायचा. मधोमध टेबल, टेबलावर मायक्रोफोन, समोर काच, काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारा दौलतसिंह. दुपारच्या सुट्टीआधी अनसूया पोतनीस या खोलीत येऊन बसायची, कानांवर हेडफोन चढवायची आणि मराठी शाळांतल्या मुलांना मराठी शिकवायची.

ग्वाल्हेरची मराठी माणसं म्हणजे पिढ्यांपूर्वी दख्खनेतून फौजेबरोबर आणि देवघरांबरोबर आलेली. संस्थान होतं तोवर त्यांच्या भाषेला मान होता. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला, आणि आता छप्पन्न साली मध्य भारतही मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला. एवढा मोठा कारभार हलायचा म्हणजे बारीकसारीक गोष्टी आधी गाळल्या जातात. मराठीचा पाठ ही तर फारच बारीक गोष्ट होती.

पाठाची रीत साधी. अनसूया एक वाक्य म्हणायची, ‘माझ्यामागून म्हणा’ म्हणायची आणि गप्प बसायची. तेवढ्या वेळात दूर कुठल्यातरी वर्गात, फळीवरच्या रेडिओसमोर, मुलांनी ते वाक्य म्हणायचं. मग पुढचं वाक्य. मुलं खरंच म्हणतात की पेरू खातात, हे कळायला मार्ग नव्हता. तरी अनसूयेला ती गप्प बसण्याची वेळ फार आवडायची, कारण तेवढ्यात तिची कुणी चूक काढू शकत नसे.

चूक काढणारे म्हणजे गोपाळकृष्ण गद्रे. भाषा शुद्ध राहावी म्हणून खात्यानं त्यांना खास पुण्याहून मागवून घेतलं होतं. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे, रोज इस्त्रीचा कोट घालून यायचे. माणूस वाईट नव्हता. हसत हसत चूक काढायचा, आणि तेच जास्त लागायचं.

अनसूया नवी होती तेव्हा तिनं त्यांना विचारलं होतं, “साहेब, वाक्यानंतर खाली जागा केवढी सोडू?”

“खाली?” गद्रे म्हणाले. “म्हणजे तळघरात का हो?”

कचेरीतली माणसं हसली. दौलतसिंहाला काही कळलं नाही, कारण त्याच्या हिंदीत खाली म्हणजे रिकामंच. लश्कर म्हणजे ग्वाल्हेरातली मराठी माणसांची वस्ती, तिथल्या मराठीतही तेच. अनसूयेच्या घरात डबा खाली असायचा, भाडेकरू खोली खाली करून जायचा. पुण्याच्या मराठीत मात्र खाली म्हणजे फक्त खाली, जे वर नाही ते. सगळे हसले म्हणून अनसूयाही हसली, आणि तिचे कान तापले.

“मोकळी जागा म्हणावं, बाई,” गद्रे म्हणाले. “किंवा रिकामी.”

तेव्हापासून तिनं आपल्या जिभेवर पहारा बसवला. एकेक शब्द तपासून सोडायची. आणि पहारेकरी एकदा नेमला की तो काही कचेरीपुरता थांबत नाही. घरी आई म्हणायची, “अगं छत्री घे, पाणी गिरून राहिलं.” अनसूया म्हणायची, “पाऊस पडतोय म्हण, आई.” आई म्हणायची, “तेच तर म्हणून राहिले.” आधी दोघी हसायच्या. मग नुसती आई हसायची. मग आई लेकीपुढे बोलणंच कमी करत गेली, नुसती छत्री आणून हातात द्यायची. अनसूयेला हे दिसत होतं. दिसत होतं आणि तरी ती थांबत नव्हती, याची तिला मनातून शरम वाटायची, आणि शरम वाटली की ती आणखी तोडून बोलायची.

आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो श्रावणात. तिनं वाक्य म्हटलं, “आमच्या घरामागे विहीर आहे. माझ्यामागून म्हणा.” ती गप्प बसली. आणि हेडफोनमध्ये, खूप लांबून, पुष्कळ मुलं एका सुरात म्हणाली, “आमच्या घरामागे विहीर आहे.”

तिनं काचेतून दौलतसिंहाकडे पाहिलं. तो यंत्राच्या डब्यावर डबा टेकवून पराठा खात होता.

पाठ संपल्यावर तिनं विचारलं, “दौलतसिंहजी, लाईन पर कोई और आवाज़ तो नहीं आ रही?”

“आएगी कहाँ से, बहनजी? हमारे यहाँ से तो बस जाता है। आता कुछ नहीं।”

हे तिलाही माहीत होतं. रजयांवरून आपलाच आवाज परतत असेल, असं तिनं मनाशी ठरवलं. पण आपला आवाज परतला तर तो आपल्यासारखा असतो. हा लहान मुलांचा होता, त्यात एक घोगरा होता, एक बाकीच्यांच्या नेहमी जरा मागे राहायचा. रोज ऐकून ऐकून ती त्या मागे राहणाऱ्या मुलीसाठी अर्धा श्वास जास्त थांबायला लागली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटायचं. आपण भिंतीला शिकवत नाही, एवढं तरी खरं होतं.

मग भाद्रपदात मुलं चुकायला लागली. ती म्हणाली, “पाऊस पडत आहे.” हेडफोनमध्ये मुलं म्हणाली, “पाणी गिरून राहिलं.” ती म्हणाली, “मला ठाऊक नाही.” मुलं म्हणाली, “मला पता नाही.” कुणीतरी खुदकन हसलं. नेमके तेच शब्द, जे ती घरात रोज गाळत होती. अनसूयेला वाटलं, हे आपलंच डोकं आपल्याला वेडावतंय. दिवसभर दाबून ठेवलेलं असंच कुठूनतरी बाहेर येणार. तिनं डोकं दुखायच्या गोळ्या घेतल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दसऱ्याच्या तोंडावर गद्रे एक दिवस काचेपलीकडे येऊन बसले. भोपाळला अहवाल जायचा होता, पाठ स्वतः ऐकायचा होता. दौलतसिंहानं त्यांना दुसरा हेडफोन दिला. अनसूयेनं घसा साफ केला. “आकाशात ढग आले आहेत. पाऊस पडत आहे. माझ्यामागून म्हणा.”

“पाणी गिरून राहिलं,” मुलं म्हणाली. या वेळी जवळून. अगदी मोठ्यानं. आणि मग हसली.

गद्रे काचेपलीकडून प्रसन्नपणे मान डोलावत होते. त्यांना काही ऐकू आलेलं नव्हतं. अनसूयेला मात्र वाटलं, भर कचेरीत कुणीतरी आपल्या आईचं लुगडं वाळत घातलंय.

“कोण म्हणालं गिरून राहिलं?” ती मायक्रोफोनमध्ये म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मराठी आहात ना? लाज नाही वाटत? ज्यांनी ज्यांनी असं म्हटलं त्यांनी उभं राहायचं. कान धरा. दोन्ही हातांनी. मी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत.”

गद्रे खुशीत हसले. त्यांना वाटलं, बाईंनी पाठात काय छान नाट्य आणलं.

आणि वीज गेली. टेबलावरचा लाल दिवा विझला, यंत्रांची घरघर बसली, खोलीत काळोख झाला. ग्वाल्हेरात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. पण त्या दिवशी ती आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून भोपाळला न्यायच्या यंत्रांची मोजदाद सुरू झाली, पाठ झाले नाहीत, मग दसऱ्याची सुट्टी लागली. अनसूया घरी गेली तेव्हा आई ओट्याशी उभी होती. शेजारच्यांच्या रेडिओवर ती रोज लेकीचा पाठ ऐकायची.

“आज मी पण धरले गं कान,” आई हसून म्हणाली. “वीज गेली म्हणून सोडून दिले. चालतं ना?”

अनसूया पाय धुवायला गेली आणि बराच वेळ पाय धूत राहिली.

सुट्टीनंतर पाठ पुन्हा सुरू झाला. तिनं वाक्य म्हटलं, ती गप्प बसली, आणि हेडफोनमधून कुणीच काही म्हटलं नाही. सुटले, असं तिला वाटलं. पण दुसऱ्यातिसऱ्या वाक्याला तिच्या लक्षात आलं की ही शांतता रिकामी नाही. लग्न ठरायच्या आधी दोन वर्षं ती शाळेत शिकवत होती. लग्न मोडलं, ती रेडिओवर आली, पण भरलेल्या वर्गाची शांतता ती विसरली नव्हती. कुणीतरी पायावरचा भार बदलतं. कुणीतरी नाक ओढतं. पुष्कळ जण श्वास रोखून उभे असले की हवेलाही एक आवाज येतो. तोच येत होता. रोज येत होता. तिनं सोपी वाक्यं दिली, मुलांना आवडायची ती दिली. कुणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात गद्र्यांनी तिला बोलावून घेतलं. “अनसूयाबाई, भोपाळचे साहेब येताहेत. ते म्हणतात, मराठीचा पाठ चालू ठेवायचा तर ऐकणारा एक तरी वर्ग दाखवा. लश्करच्या दोन्ही शाळांनी रेडिओ केव्हाच बंद केलेत, त्यांना हिंदीची परीक्षा आहे. एक हजीऱ्याची शाळा उरली. तुम्ही आधी जाऊन बघून या. वर्ग असला तर पाठ राहील, आणि तुम्हीही राहाल.”

ती टांगा करून हजीऱ्याला गेली. किल्ल्याच्या पायथ्याला वळसा घालून टांगा जुन्या ग्वाल्हेरात शिरला. रस्त्यात सामानानं लादलेल्या बैलगाड्या आडव्या येत होत्या. खाटा, पाट, तुळशीची वृंदावनं, पिंजऱ्यातले पोपट. कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या, त्यांच्यामागून माणसं निघाली होती.

शाळा उतारावर होती. समोरून एकमजली दिसायची, मागच्या अंगाला जमीन खाली गेल्यामुळे तिथे आणखी एक मजला होता. दारात स्टुलावर शाळेचा शिपाई महिपतराव बसला होता. संस्थानच्या पलटणीत हवालदार होता, पलटण मोडली तसा इथे लागला. मिशा अजून पलटणीतल्याच होत्या. बाई रेडिओवरच्या आहेत म्हटल्यावर तो ताडकन उभा राहिला.

“मराठीचा वर्ग कुठे आहे?” अनसूयेनं विचारलं.

“मराठीचा?” महिपतराव म्हणाला. “मराठीचा वर्ग खाली आहे, बाईसाहेब.”

“बरं,” ती म्हणाली आणि आत गेली.

ओसरीच्या टोकाला दगडी जिना होता. ती उतरली. खाली चुन्याचा आणि ओल्या पाटीचा वास होता, आणि जाळीतून येणारा हिरवट उजेड. दार उघडंच होतं.

वर्ग भरलेला होता.

मुलं रांगांनी उभी होती, तिच्याकडे पाठ करून, समोरच्या फळीवरच्या रेडिओकडे तोंड करून. सगळ्यांची कोपरं बाजूंना निघालेली होती. दोन्ही हातांनी कान धरलेले. कोपरं थरथरत होती, फार वेळ धरून ठेवल्यावर थरथरतात तशी. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

अनसूयेला आधी राग आला तो मास्तरांचा. एवढी शिक्षा? कशासाठी? आणि मग तिला आठवलं, कशासाठी.

शेवटच्या रांगेतली एक मुलगी, तिच्याच हाताशी उभी, न वळता हळूच म्हणाली, “बाई, सोडू का?”

आवाज ओळखीचा होता. नेहमी जरा मागे राहणारा.

एक शब्द पुरला असता. ‘सोडा’ म्हणायचं, बस. पण समोर पन्नासेक कोपरं तिच्या एका शब्दावर थरथरत होती आणि तिला त्यांच्यापुढे उभं राहून हे कबूल करता येईना की कान धरायला सांगणारी मीच होते. तिनं तेच केलं जे कचेरीतली माणसं करतात.

“मास्तरांना विचारते हं,” ती म्हणाली, आणि जिना चढून वर आली.

वर वर्गांना कुलपं होती. महिपतराव दारात तसाच उभा होता.

“मास्तर कुठायत?” तिनं विचारलं. “मुलांना एवढा वेळ उभं करून—”

“कोणती मुलं?”

“मराठीच्या वर्गातली.”

“बाईसाहेब, मी सांगितलं ना, वर्ग खाली आहे. कोणी नाही त्यात. पलटण मोडली तेव्हा आधी घरं खाली झाली. उरलेले आता भोपाळला जाऊन राहिले. दसऱ्यानंतर तर एक पोर आलं नाही. मास्तर पण गेले. मी एकटाच बसून राहिलो आहे, हुकूम येईपर्यंत.”

“मी खाली जाऊन आले,” ती म्हणाली.

“खाली कुठे?”

तिनं ओसरीच्या टोकाकडे बोट दाखवलं. महिपतराव तिच्याबरोबर तिथवर आला. जिना तिथेच होता. पण अर्ध्या पायऱ्यांनंतर पाणी होतं, हिरवं, स्थिर, वर शेवाळ्याची अखंड साय धरलेलं.

“हे तर पावसाळ्यापासून भरलेलं आहे,” तो म्हणाला. “निघतच नाही. तुम्ही ह्यात नका जाऊ.”

अनसूयेनं वाकून पाहिलं. तिच्या साडीचा काठ कोरडा होता. परतीच्या टांग्यात तिला राहून राहून एकच गोष्ट बोचत होती. लश्करच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईला, तिच्या आईला, महिपतरावाचं वाक्य पहिल्या झटक्यात कळलं असतं. तिला कळलं नाही. तिनं इतक्या मेहनतीनं ते कळणं घालवून टाकलं होतं. आणि ते घालवलं नसतं तर ती खाली उतरलीच नसती, आणि तिला कुणी ‘सोडू का’ असं विचारलंच नसतं.

“सापडला का वर्ग?” गद्र्यांनी विचारलं.

“वर्ग खाली आहे, साहेब.” तिच्या तोंडून निघून गेलं.

“खाली, वर, कुठेही असू दे. साहेबांना नेऊन दाखवू उद्या.”

तिनं मान खाली घातली. साहेबांना नेलं तर दोनच गोष्टी होणार होत्या. त्यांना हिरवं पाणी दिसणार होतं, नाहीतर त्यांना ती मुलं दिसणार होती, जशी होती तशी. दुसरी गोष्ट तिला सोसवली नसती.

“रिकामा आहे,” ती म्हणाली. शब्द अगदी शुद्ध होता.

गद्रे हळहळले. खरंच हळहळले, चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “तर मग महिनाअखेर शेवटचा पाठ. नव्या राज्यात मराठीचा पाठ नाही. निरोपाचं भाषण मी लिहून देतो.”

अनसूयेला नोकरीचं वाईट वाटायला हवं होतं. तिला भीती वाटली ती वेगळी. मी सांगेपर्यंत, असं ती म्हणाली होती, आणि सांगायचं साधन हे एवढंच होतं, ही खोली, हा मायक्रोफोन. समोर जाऊन सांगायची तिच्यात धमक नव्हती, ते एकदा कळून चुकलं होतं. मधल्या दिवसांत ती रोज पाठाला बसली, रोज ठरवलं की आज सांगू, आणि रोज काचेपलीकडे कोटातले गद्रे बसलेले पाहून आखून दिलेली वाक्यं वाचून उठली. शांतता रोज तशीच भरलेली. फक्त श्वास आता जड झाले होते.

शेवटच्या दिवशी इमारतीत निम्मं सामान पेट्यांत गेलं होतं. यंत्रांतलं एकच चालू ठेवलं होतं. गद्रे काचेपलीकडे, दौलतसिंहाशेजारी. लाल दिवा लागला. अनसूयेपुढे निरोपाचं भाषण होतं, सुवाच्य अक्षरात, एकही चूक नसलेलं.

तिनं कागद पालथा घातला.

“पोरांनो,” ती म्हणाली, “मी अनसूया. लश्करची. आमच्या घरी पण पाणीच गिरतं. माझी आई तसंच म्हणते, माझी आजी तसंच म्हणत होती.”

काचेपलीकडे गद्रे उभे राहिले.

“चुकी तुमची नव्हती. माझी होती. मला शरम येऊन राहिली होती, ती मी तुमच्यावर काढली. मी तुम्हाला बघून पण तशीच निघून आले. कान सोडून द्या. हात दुखून राहिले असतील. सोडून द्या, आणि बसून जा.”

ती गप्प बसली.

हेडफोनमध्ये आधी काहीच नव्हतं. मग हात खाली आल्याचा आवाज आला, एकदम पुष्कळ हात. कापड कापडाला घासलं. कुणीतरी हुंदका गिळला. आणि मग सगळी एकदम बसली. अगदी शेवटी, बाकीच्यांच्या जरा मागून, आणखी एक जण बसलं.

आता पुढचं सांगायचं होतं. घरी जा. तिनं तोंड उघडलं आणि तिला बैलगाड्या आठवल्या, खाटा, पोपट, उघडी पडलेली दारं. घरी जा म्हणायला यांची घरं कुठे होती?

ती तशीच बसून राहिली. शब्द शोधत राहिली, मराठीत, हिंदीत, आईच्या भाषेत. लाल दिवा विझला.

दार ढकलून गद्रे आत आले. त्यांचा चेहरा पडला होता. “शेवटच्या दिवशी हे काय केलंत, बाई? आणि बसून जा म्हणजे काय? आधी बसायचं आणि मग जायचं? कुठे जायचं?”

“आमच्याकडे बसून जा म्हणजे नुसतं बसा,” अनसूया म्हणाली. “जा नाही त्यात.”

गद्र्यांनी हात झटकले आणि ते निघून गेले. तिला पहिल्यांदाच त्यांच्यापुढे कान तापल्यासारखं वाटलं नाही. अंग हलकं झालं होतं. काही झालं तरी मुलं बसली होती. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले.

दौलतसिंह मायक्रोफोनची तार काढायला आत आला. तार गुंडाळता गुंडाळता थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

“बहनजी, आज आपने बहुत देर चुप रखा। मैं तो लाईन काटने वाला था। मगर सुई हिल रही थी।”

“कौन-सी सुई?”

“आवाज़ की। आप चुप थीं और सुई हिल रही थी।” त्यानं मायक्रोफोनकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. “बाहर से तो इसमें कुछ आता नहीं। जो इस कमरे में हो, वही आता है।”

अनसूया हलली नाही. तिच्या मागे रजयांची भिंत होती.

“आपने भी सुना?” तिनं अगदी हळू विचारलं.

“बैठते तो सुना, बहनजी।” तो म्हणाला. “उठकर जाते किसी को नहीं सुना।”

त्यानं तार पेटीत ठेवली, पेटी उचलली. दारापाशी चपला त्यानं हातात घेतल्या. मग चालू वर्गाचं दार ओढून घ्यावं तसं, कडी वाजू न देता, त्यानं बाहेरून दार ओढून घेतलं.